हत्तुरेबाईंची शपथ

डॉक्टर शिवलीला हत्तुरे छातीच्या डॉक्टर, पण सोलापुरात त्यांचं नाव झालं ते झापण्यामुळे. औषध काय, कुणीही लिहून देतं. मावा सुटत नाही, बिडी सुटत नाही, माणूस घरच्यांच्या हाताबाहेर गेलाय असं झालं, की नात्यातलं कुणीतरी म्हणणारच, "हत्तुरेबाईंकडं न्या की. लई झापत्यात." मग जीपभर माणसं यायची. अक्कलकोटकडची, मंगळवेढ्याची, पार कर्नाटकातल्या इंडीचीसुद्धा. रोगी एक आणि सोबत बायको, आई, मेव्हणा, थोरला भाऊ, झालंच तर शेजारचा एखादा, ज्याला नुसती मजा बघायची आहे असा.

बाई सगळ्यांना आत घ्यायच्या. बाकीचे डॉक्टर 'एकच नातेवाईक थांबावे' अशी पाटी लावतात. बाईंनी उलट केबिनमध्ये भिंतीला लावून दोन बाकडी टाकली होती. चार माणसांत मान खाली गेल्याशिवाय व्यसन जात नाही, हे त्यांचं ठाम मत. आधी मराठीत झापायचं, मग म्हाताऱ्या आईला कळावं म्हणून तेच पुन्हा कानडीत झापायचं, आणि माणूस पुरता नरम झाला की शेवटी शपथ. लिंगायत असेल तर गळ्यातलं लिंग हातात घ्यायचं, बाकीच्यांनी आईच्या नाहीतर लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा. "म्हण, आजपासून शिवणार नाही." माणूस म्हणायचा. घरचे डोळे पुसायचे. नर्स पुढच्याला हाक मारायची.

यातले किती खरोखर सुटले आणि किती जण जाता जाता कोपऱ्यावरच्या टपरीशी उभे राहिले, ते बाईंनी कधी बघितलं नाही. सुटले ते पेढे घेऊन परत यायचे. नाही सुटले ते पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. म्हणजे बाईंना दिसायचे ते पेढेच. मग माणसाला आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागलं तर नवल काय!

तर अशा त्या केबिनमध्ये दिवाळी उरकल्यावर शिवानंद कलशेट्टी आपल्या मुलाला घेऊन आले. शिवानंद मार्केट यार्डातले कांद्याचे आडते. लिलावात ओरडून ओरडून आवाज असा झालेला, की शेजारी बसलेल्याशी बोलले तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. मुलगा चन्नवीर, नुकताच विशी ओलांडलेला, डिप्लोमा करून चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात लागला होता. खोकला हटत नव्हता, वजन उतरलं होतं, जिना चढला की दम लागायचा. सोबत त्याची आई पार्वतम्मा होत्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून.

"काय ओढतोस?" छाती तपासून व्हायच्या आधीच बाईंनी विचारलं.

उत्तर शिवानंदांनी दिलं. "आमच्या घरात सुपारीचं खांडबी नसतंय, बाई! त्याला काय विचारताय?"

"मी त्याला विचारतेय."

चन्नवीरनं आधी बापाकडं बघितलं, मग फरशीकडं. "काय न्हाय."

बाईंचा विश्वास बसला नाही. अशी तोंडं त्यांनी ढिगानं बघितली होती. त्यातून सकाळपासून गर्दी, बाहेर बाकडी भरलेली, कुणाशी घोळ घालत बसायला वेळ होता कुठं? त्यांनी आपला हुकमी उपाय काढला. "घे मग लिंग हातात. बिडी नाही, सिगारेट नाही, मावा नाही, कसलंच व्यसन नाही. म्हण."

पोरानं शर्टाच्या आतली लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली, मुठीत धरली आणि बाईंच्या मागून एकेक शब्द म्हटला. शिवानंदांनी लिलाव जिंकल्यागत चौफेर बघितलं. पार्वतम्मांनी मात्र मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाईंना वाटलं, बाई माणूस आहे, भिडस्त असेल. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, बेडक्याची टीबीची तपासणी सांगितली आणि नर्सनं पुढच्याला हाक मारली.

आठवडा उलटायच्या आत चन्नवीरला दोघांनी धरून आणलं. ओठ निळे, अंगात ताप, एक वाक्य बोलायला तीनदा श्वास घ्यावा लागत होता. बाईंनी त्याला लगेच स्पेशल रूममध्ये दाखल करून ऑक्सिजन लावला. सीटी स्कॅन आला तर दोन्ही फुप्फुसांत धुकं भरलेलं. टीबी? नाही. डेंग्यू? नाही. कोविड, स्वाइन फ्लू? तेही नाही. जे तपासावं त्याचा रिपोर्ट कोरा. अँटिबायोटिक बदलून झालं, आणखी भारीतलं लावून झालं, आणि पोरगं रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त ऑक्सिजन मागत होतं.

बाईंच्या हातात एक औषध उरलं होतं, स्टेरॉइड. फुप्फुसाला असली सूज कशानं तरी पोळल्यामुळे आली असेल तर स्टेरॉइडनं पोरगं उठून बसलं असतं. पण आत कुठं टीबी दडून बसला असेल तर त्याच स्टेरॉइडनं तो वणव्यासारखा पसरला असता. कारण कळल्याशिवाय हात घालायची सोय नव्हती, आणि वाट बघावी तर पुढची पायरी व्हेंटिलेटरची. त्या पायरीवरून किती जण परत येतात ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. पहिल्यांदाच त्यांना घरी जेवण जाईना.

एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली. पोरगं बाथरूमला जाऊन आलं की ऑक्सिजन धाडकन उतरायचा आणि मग वर चढायला फार वेळ घ्यायचा. चार पावलं चालल्यानं उतरतो, कबूल, पण इतका? त्या दिवशी राउंडला बाई खोलीत शिरल्या तेव्हा चन्नवीर नुकताच बाथरूममधून येऊन, मास्क लावून आडवा झाला होता. स्टुलावर सांगोल्याच्या कुणा बागायतदारानं शिवानंदांना दिलेली डाळिंबं होती. आणि खोलीत घमघमाट सुटला होता आंब्याचा. नोव्हेंबरात!

बाईंना पुण्याची एक कॉन्फरन्स आठवली. एक तरुण डॉक्टर पडद्यावर रंगीबेरंगी, पेनाएवढ्या नळ्या दाखवत होता. बॅटरीवर चालतात, फळांच्या वासाच्या असतात, पोरं धूर नाही म्हणून बिनघोर ओढतात, त्याला वेप म्हणतात, फुप्फुसं अशी अशी होतात. एवढं ऐकून बाई चहाला बाहेर गेल्या होत्या. 'आपल्याकडं कुठं आलंय हे,' असं शेजारी बसलेल्या डॉक्टरणीला म्हणाल्याही होत्या. सोलापूर जसं काही चंद्रावर आहे!

आता एखाद्यानं जरा दमानं घेतलं असतं. पण सवय कुठं जाते? बाई तिथंच, बापासमोर कडाडल्या, "काय ओढतोस रे बाथरूममध्ये? ते पेनासारखं असतं ते? बंदी आहे त्याच्यावर, कायद्यानं! पोलीस उचलून नेतील, कळलं का?"

चन्नवीरनं डोळे मिटून घेतले. शिवानंद ताडकन उठले.

"बाई, तुमीच त्याच्या हातात लिंग दिलासा. तुमच्यासमोर, माज्यासमोर पोरगं बोललं. कसलंबी व्यसन न्हाय म्हटलं. आता तुमाला आजार घावंना, म्हणून पोराच्या अंगावर ढकलताय व्हय? लिंगावर हात ठिवून कलशेट्टीचा पोरगा खोटं बोलंल?" बाईंनी तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. उद्या मी त्याला पुण्याला नेतो."

आपल्याच औषधाचा डोस आपल्यालाच कुणी पाजला, की कसं होतं ते बाईंना त्या दिवशी कळलं. या अवस्थेत पोरगं वाटेतल्या टेंभुर्णीपर्यंतसुद्धा टिकणार नाही, हे त्यांनी शिवानंदांना सांगितलं. शिवानंदांनी ऐकून घेतलं आणि ॲम्ब्युलन्स बघायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवानंद ॲम्ब्युलन्सच्या खटपटीत होते आणि पार्वतम्मा सिद्धरामेश्वराच्या देवळात. बाई खोलीत गेल्या, नर्सला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि स्टूल ओढून बसल्या. रोग्याशी एकट्यानं बोलायचं तर हात कुठं ठेवायचे हेच त्यांना समजेना. बाकड्यावर माणसं नाहीत, ऐकणारं कुणी नाही. नाटकाला प्रेक्षक आलेच नाहीत असं झालं.

"हे बघ, तुमची ही पिढी..." एवढं बोलल्या आणि पोरानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बाईंनी ते वाक्य तिथंच सोडून दिलं. म्हणाल्या, "बरं. मी झापणार नाही."

चन्नवीरनं वळून बघितलं. मे महिन्यात सोलापुरात थंडी पडली म्हटल्यावर माणूस जसं बघेल, तसं.

"मला पोलिसांना काही सांगायचं नाही. तुझ्या वडिलांनाही नाही. मला फक्त औषध ठरवायचंय. तू असलं काही ओढत असशील तर एक औषध आहे, नसशील तर तेच औषध तुला मारेल. मला अंदाजानं देता येत नाही, बाळा. म्हणून विचारतेय."

पोराच्या डोळ्यांत पाणी भरलं. मास्क जरा वर करून तो म्हणाला, "मी शपथ घेतलीया, मॅडम."

"ते मला माहीत आहे. खरं काय ते सांग."

"शपथ घेतलीया," तो परत म्हणाला आणि डोळे मिटले. मान हलव नुसती, म्हणून बघितलं. हलवली नाही. धड हो नाही, धड नाहीही नाही. बाईंनी हात टेकले. पोरगं खरं बोलतंय म्हणून रडतंय की खोटं बोललंय म्हणून, हे काही केल्या त्यांना कळेना, आणि तेवढ्यावरच त्याचा जीव टांगलेला होता.

त्या बाहेर आल्या तर व्हरांड्यात पार्वतम्मा उभ्या. कपाळावर, हातावर विभूती, पुडीत आणखी थोडी मुलासाठी आणलेली. इतक्या दिवसांत ही बाई आपणहून एक शब्द बोलली नव्हती. आता तिनं बाईंचा हातच धरला.

"बाई, हे शपथेनं झालंय."

"काय?"

"त्यो खोटं बोलला. लिंग हातात घिऊन खोटं बोलला. आदी नुसता खोकत हुता. शपथ घेतली आन् अंथरुणाला खिळला. देवानं धरलंय त्येला."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं शिकून, एवढी वर्षं प्रॅक्टिस करून हे ऐकायचं! पण त्याच बोलण्यात त्यांना पाहिजे ते अर्धं होतं. त्यांनी आवाज खाली आणून कानडीत विचारलं, काय ओढतो तो, कधीपासून?

"ते म्या न्हाय सांगणार," पार्वतम्मा म्हणाल्या. "म्या सांगितलं तर शपथ तशीच ऱ्हाती की त्येच्या मानगुटीवर. त्येचं त्येनं सांगावं. आन् त्यो सांगणार न्हाय, शपथ हाय तवर. तुमी घातलासा न्हवं? तुमीच सोडवा."

"मी? शपथ सोडवू?"

"सुटली म्हणायचं. चार माणसांत घेतली, चार माणसांत सोडवायची. त्येच्या आप्पासमोर."

बाईंच्या मनात बरंच काही आलं. हसं होईल, हे आलं. शिवानंद अख्ख्या मार्केट यार्डात ओरडून सांगतील, हेही आलं. आजवर ज्यांना ज्यांना शपथ घातली त्यांचं काय, हेसुद्धा आलं, पण ते त्यांनी बाजूला सारलं. खाली ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली होती. आत पोरगं एकेक श्वास ओढून घेत होतं.

शिवानंद वर आले ते स्ट्रेचरवाल्या दोघांना घेऊनच. बाई दारात उभ्या राहिल्या. "दोन मिनिटं, शिवानंदराव. मग खुशाल न्या." आणि कॉटजवळ जाऊन, बाप, आई, नर्स आणि दोघे स्ट्रेचरवाले अशा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चन्नवीर, त्या दिवशी मी तुला नीट विचारायला हवं होतं. विचारलं नाही, सरळ शपथ घातली. चूक माझी आहे. ती शपथ सुटली."

"तीनदा म्हणा, बाई," पार्वतम्मा हळूच म्हणाल्या.

"सुटली. सुटली. सुटली." बाईंचे कान लाल झाले. स्ट्रेचरवाले एकमेकांकडं बघायला लागले.

चन्नवीरनं मास्क काढला. बापाकडं न बघता, श्वास घेत घेत, बाईंना सांगितलं. उन्हाळ्यापासून ओढतोय. कारखान्यातल्या एका मित्रानं दिलं. सिगारेटचा वास घरी कळतो, याचा कळत नाही. आधी नुसतं जेवणाच्या सुट्टीत, मग दिवसभर, मग त्याच्याशिवाय झोपच येईना. हितंबी ओढलं, बाथरूममदी. बाईंनी मधेच विचारलं, त्यात गांजाचं तेल वगैरे घातलं होतं का? पोरगं म्हणालं, "व्हय. मित्रानं भरून दिलं हुतं. पावसाळ्यात. लई येळा."

बाईंनी झापलं नाही. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाल्या, आणि ते त्यांना स्वतःलाच दुसऱ्या कुणाचं बोलणं वाटलं.

"लिंग हातात घिऊन..." एवढंच शिवानंद पुटपुटले, तेही इतकं हळू की शेजारच्या नर्सला नीट ऐकू आलं नाही. मग ते खोलीबाहेर पडले. जाताना स्ट्रेचरवाल्यांना मात्र म्हणाले, "जावा तुमी. गाडी न्हाय लागत."

तासाभरात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन थोडा कमी केला तरी पोरगं तग धरून राहिलं. त्यानंतर ताप उतरला आणि भूक लागली. शिवानंद खोलीत येत नव्हते, पण घरून डबा आणून दारातल्या खुर्चीवर ठेवून जात होते. बाई अशा खुशीत होत्या की जुनिअर डॉक्टरांना बोलावून बोलावून सीटी दाखवत होत्या, आणि यापुढं रोग्याला एकट्यानंच विचारायचं, घरच्यांना बाहेर बसवायचं, असं नर्सला बजावत होत्या. ते यंत्र आता कुठं आहे, हे विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कबुली मिळाली की काम झालं, ही खोड काही एका दिवसात जात नाही.

मग एका सकाळी बाई राउंडला आल्या तेव्हा चन्नवीर उशीला टेकून बसला होता. नाकात बारीक नळी, चेहऱ्यावर रंग. पण हात थरथरत होते आणि नजर कशावर ठरत नव्हती. पार्वतम्मांचा चेहरा मात्र फुललेला.

"सुटली की, बाई, शपथ! बघा कसं पोरगं बसलंय." मग त्या जरा घुटमळल्या, कॉटमागच्या सॉकेटपाशी वाकल्या आणि वायर काढून एक निळी नळी बाईंपुढं धरली. "तुमाला विचारल्याबिगर न्हाय दिलं. लई मागतोय, रातभर तळमळतोय. आदी म्या चोरून देत हुते, पाप वाटायचं. आता शपथच न्हाय, तर देऊ न्हवं? आता कायबी हुणार न्हाय की. चार्जिंग फुल्ल करून ठिवलंय."

बाईंच्या जिभेवर दोन्ही भाषांतलं सगळं एकदम आलं. अशी संधी त्यांनी आयुष्यात सोडली नसती. पण पार्वतम्मा त्यांच्याकडं ज्या विश्वासानं बघत होत्या, त्यापुढं ते जिभेवरच राहिलं. आणि पोरगं? ते बाईंकडं बघतच नव्हतं, आईच्या हाताकडं बघत होतं.

"बसा, पार्वतम्मा," बाई म्हणाल्या आणि स्वतःही बसल्या. मग कानडीत, सावकाश, एकेक गोष्ट सांगायला लागल्या. या नळीत काय भरलेलं असतं. ते गरम होऊन छातीत गेलं की आतलं नाजूक कातडं कसं पोळतं. बाथरूममधून आल्यावर ऑक्सिजन का उतरायचा. पोरगं आता जे तळमळतंय ते कशानं, आणि त्याला वेगळ्या गोळ्या आहेत, त्या आजच सुरू करू. "शपथेनं काही झालं नव्हतं," शेवटी त्या म्हणाल्या. "देवानंही काही केलं नव्हतं. जे झालं ते यानं झालं."

पार्वतम्मा ऐकत होत्या. हातातली नळी त्यांनी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली.

"म्हंजे म्याच की," त्या म्हणाल्या. "रोज चार्जिंग करून म्याच दिलं त्येला. दार धरून उभी ऱ्हायले, कुणी येऊ ने म्हणून."

यावर काय बोलायचं असतं ते बाईंना येत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. बाहेर ओपीडीत गर्दी तुंबली होती, नर्स दोनदा दारात येऊन गेली. बाई उठल्या नाहीत.